चौथा रकाना

काउंटरच्या आतल्या अंगाला, गिऱ्हाइकाला दिसणार नाही असा,
एक पुठ्ठा चिकटवलाय मी. सलाईनच्या खोक्याचा.
वर माझं अक्षर, निळं.
खाली कोठावदेकाकांची पेन्सिल:
'एवढं विचारत बसलीस तर दुकान गोदेत जाईल.'

काकांचा हात अंदाजाचा.
माणूस पायरी चढतानाच ओळखायचे,
हा पित्ताचा, हा उधारीचा.
चाळीस वर्षं, बहुतेक वेळा बरोबर.
त्या 'बहुतेक'च्या बाहेर किती राहिले
याची वही कुणी ठेवली नाही.

म्हणून पुठ्ठा.
उभे रकाने: कुणासाठी. किती दिवसांपासून.
आणखी काय चालू आहे.
चौथा आखला, पण त्याचं डोकं कोरंच राहिलं.
आडव्या ओळींत: दे. दुसरं दे. देऊ नको. डॉक्टरांना फोन लाव.
आणि कडेला, मागाहून सुचलेलं, खिसा.
कारण न परवडणारं औषध
माणूस अर्धी पट्टी नेतो
आणि अर्धाच बरा होतो.

जानेवारी. संध्याकाळचे साडेसात.
भांडीबाजारातली शटरं खाली येत होती,
माझ्यापुढे सात जण, एक रडणारं बाळ,
आणि तांबट लेनचे मुकुंद वडके:
'ती दुखण्याची दे गं, पिवळी. मनगट धरलंय.'

हात पट्टीकडे गेलाच होता.
पट्टी तिथेच असते, उजवीकडे, दुसऱ्या खणात,
हाताला पाठ.
पुठ्ठ्याने मनगट धरलं माझं.

'काका, दुसऱ्या काही गोळ्या चालू आहेत का?'
'काय?'
पन्नास वर्षं तांब्यावर हातोडा मारणाऱ्या कानांना
प्रश्न ओरडूनच पोचतात.
'गोळ्या! चालू आहेत का!'
'हृदयाची. रक्त पातळ करायची.'

पुढचा प्रश्न ओरडता येईना.
हिरड्यांतून रक्त येतं का, शौचाला काळं होतं का,
हे रविवार कारंजापर्यंत ऐकू गेलं असतं.
मग पुठ्ठा उचकटला. चिकटपट्टीसह रंगाचा पोपडा आला.
बिलाच्या मागे दोन प्रश्न लिहिले
आणि सगळं त्यांच्यासमोर उलटं करून ठेवलं.

चष्मा नाकावर सरकवून वाचलं त्यांनी.
दात घासताना पडतं थोडं, म्हणाले.
काळं कोण बघतंय.
मग जाड, हिरवट पडलेलं बोट
चौथ्या रकान्यावर ठेवून: 'इथे काय?'

'जे विचारायचं मला सुचलं नाही ते.'

हसले. जरा वेळ काहीच बोलले नाहीत.
बाळसुद्धा थांबलं, की मला तसं वाटलं.
'अर्धी घ्यायची असते ती. ही मोडून द्यायची, नखाने.
दिवाळीपासून ही नाही.
माझ्याच्याने मोडत नाही एवढीशी.
पूर्णच घेतो.'

हंड्याचा गळा एका ठोक्यात वळवणारे हात
काउंटरवर पालथे पडले होते.

पिवळी दिली नाही.
शरणपूर रोडच्या डॉक्टरांना फोन लावला,
ते म्हणाले, रक्त तपासायला आत्ताच पाठवा.
त्यांच्या पुतण्याला बोलावलं, रिक्षा मिळाली.
या सगळ्यात रांगेतले तिघे समोरच्या दुकानात गेले.
काकांनी ते मोजलं. मीही.

रात्री पुठ्ठा परत चिकटवताना
चौथ्यावर लिहिलं: 'मोडून कोण देतं?'
मग खोडलं. उद्याचा माणूस
वेगळंच काही घेऊन येईल.
पण खोडलेलं वाचता येतंय. असू दे.

काकांनी न विचारता खणात ठेवलाय
गोळ्या कापायचा प्लॅस्टिकचा डबा. नवा. किंमत फाडलेली.

आज सकाळी दुकान उघडताना
तांबट लेनमधून ठोके येत होते.
तीनचार हातोडे एकदम.
त्यांतला त्यांचा कुठला, की नव्हताच,
मला ओळखता आलं नाही.
अंदाज करायचा मोह झाला.
पुतण्याचा नंबर बिलामागे होता.
तो लावला.